इंजिनाच्या धुराड्यातून शिरणारे पाणी



पावसाळा सरला, नदीचे पाणी उतरले, भातकापणी आटोपली की मळ्यातल्या डिझेल इंजिनाची आठवण होते. चार-पाच महिने ते इंजिनघरात पडून असते. मिरचीला, उसाला, भाजीला पहिले पाणी द्यायचे म्हणून घरधनी टाकीत डिझेल ओततो, हँडल लावतो आणि जोराने फिरवतो. चाक फेरा-दोन फेरे फिरते आणि दगडावर आपटल्यासारखे थांबते. "गंजले असेल," असे म्हणून शेजाऱ्याला बोलावतात. दोघे मिळून पुन्हा जोर करतात आणि आतून काहीतरी मोडल्याचा आवाज येतो.

मिस्त्री हेड उघडतो तेव्हा पिस्टनवर तांबूस पाणी साचलेले दिसते, वॉल्व्हचा दांडा गंजून अडकलेला असतो, पुशरॉड वाकलेला असतो. "विहीर आहे खाली, इंजिन आहे वर कोरड्या ओट्यावर, मग पाणी आले कुठून?" असे सगळेच विचारतात. उत्तर बहुधा एकच असते: धुराड्यातून.

आज पुष्कळ ठिकाणी विजेचे पंप आहेत, सौर पंपही आले आहेत. तरी ज्या मळ्यापर्यंत विजेची तार गेलेली नाही, किंवा जेथे ऐन गरजेला वीज जाते, तेथे डिझेल इंजिनावाचून चालत नाही. अशा घरात इंजिन बिघडले तर नुसता दुरुस्तीचा खर्च होत नाही. आठ-दहा दिवस पाणी चुकते, रोप करपते आणि त्या पिकावर काढलेले कर्ज मात्र उभेच राहते. म्हणून या पाठात दोन गोष्टी समजून घेऊ. धुराड्यातून पाणी कसे शिरते ही पहिली, आणि वॉल्व्हची झीज कशी टाळावी ही दुसरी. या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात, पण एकीतून दुसरी निघते.

१. इंजिनाचा श्वास

आपले साधे एका सिलिंडरचे इंजिन चार कामे करते. पिस्टन खाली येताना हवा आत ओढतो. वर जाताना ती दाबतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडून पेट घेतो व पिस्टन खाली ढकलला जातो. शेवटी पिस्टन पुन्हा वर येऊन धूर बाहेर टाकतो. या चार कामांत चाकाचे दोन फेरे होतात.

हवा आत येण्यास एक दार आहे व धूर बाहेर जाण्यास दुसरे. ही दारे म्हणजेच वॉल्व्ह. (येथे पंपाच्या फूटवॉल्व्हविषयी बोलत नाही, हे ध्यानात असावे.) दोन्ही वॉल्व्ह हेडमध्ये असतात. त्यांचा आकार भूछत्रासारखा असतो: खाली चपटे डोके, वर लांब दांडा. दांडा ज्या नळीत वर-खाली होतो तिला गाईड म्हणतात. डोके ज्या कड्यावर घट्ट बसते त्याला सीट म्हणतात.

वॉल्व्ह उघडण्यासाठी एक साखळीच काम करते. मुख्य शाफ्टवरच्या दात्यांनी कॅमशाफ्ट फिरतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झोपाळ्याच्या फळीसारखा झुकून वॉल्व्हला खाली दाबतो. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग वॉल्व्हला पुन्हा वर ओढून बंद करते.

या साखळीवर किती काम पडते पाहा. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो व मिटतो. तासाला हे ४५,००० वेळा झाले. दिवसभर आठ तास पाणी सोडले तर ३,६०,००० वेळा! जुने, धिमे, ६५० फेऱ्यांचे इंजिन असले तरी तासाला १९,५०० वेळा हे चालते. इतक्या वेळा लोखंडावर लोखंड घासले जाते आणि तरीही ते टिकते, याचे कारण मधला तेलाचा पातळ पापुद्रा. त्या पापुद्र्याचे दोन वैरी: एक पाणी, दुसरी धूळ.

२. सात चमचे पाणी

थोडे पाणी गेले म्हणून काय होते, असे कोणी म्हणेल. हिशोब करून पाहू.

आपल्याकडे पंपावर चालणाऱ्या एका ५ अश्वशक्तीच्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ११० मिलिमीटर असते. म्हणजे पिस्टन एका धावेत सुमारे ५५० घन सेंटिमीटर हवा ओढतो. ती हवा तो साडेसोळा पटीने दाबतो. तेव्हा पिस्टन अगदी वर असताना वरती उरणारी जागा सुमारे ३६ घन सेंटिमीटर, म्हणजे चहाचे सात चमचे.

हवा दबते, पाणी दबत नाही. सात चमच्यांहून अधिक पाणी पिस्टनवर असेल आणि दोन्ही वॉल्व्ह मिटलेले असतील, तर पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही. इकडे जड चाकाचा वेग मात्र थांबायला तयार नसतो. मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो, हेडचे गॅस्केट फुटते, क्वचित हेडच तडकते.

आता पावसाचा हिशोब. उभ्या धुराड्याचे तोंड ५० मिलिमीटर व्यासाचे आहे असे धरा. उघड्या तोंडावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर आत सुमारे ३९ घन सेंटिमीटर पाणी जाते. १०० मिलिमीटर पडला तर १९६. खानापूर, कणकुंबीकडे किंवा घाटाखाली गोव्यात पावसाळ्यात एका दिवसात तेवढा पाऊस पडणे नवलाचे नाही. म्हणजे उघडे राहिलेले धुराडे एका रात्रीत इंजिन मोडण्यापुरते पाणी गोळा करू शकते.

३. पाणी शिरण्याच्या वाटा

पहिली वाट: उघडे तोंड. ही वर सांगितलीच. इंजिन थांबताना धुराचा वॉल्व्ह उघडा राहिला तर पाणी थेट पिस्टनवर जाते. तो मिटलेला असला तरी पाणी त्याच्या पाठीवर साचते, दांड्याला लागते आणि गाईडमध्ये गंज धरतो. पुष्कळजण इंजिन बंद केल्यावर डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचललेलाच ठेवतात. हा लिव्हर वॉल्व्हला किंचित उघडा धरतो. म्हणजे आपणच पाण्याला दार उघडून देतो.

दुसरी वाट: उलटा उतार. धुराड्याची नळी भिंतीतून आडवी बाहेर काढताना गवंडी बहुधा सरळ किंवा थोडी आत झुकलेली बसवतो. मग भिंतीवर मारणारा पाऊस नळीतून इंजिनाकडे वाहतो. उतार नेहमी बाहेरच्या बाजूस असावा.

तिसरी वाट: धुरातलेच पाणी. हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते! ते वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघून जाते. पण इंजिन पाच-दहा मिनिटेच चालवून बंद केले, तर नळी तापत नाही, वाफेचे थेंब होतात आणि ते आतच राहतात. पूर्वी डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे आणि त्या थेंबांचे तिखट आम्ल बनत असे. एप्रिल २०२० पासून देशभर अगदी कमी गंधकाचे डिझेल मिळू लागले, त्यामुळे आम्लाचा त्रास पुष्कळ घटला. पण गंज लागायला पाणी व हवा एवढे पुरे आहे.

चौथी वाट: थंड करणारे पाणी. आपल्या पंपाचेच थोडे पाणी वळवून पुष्कळ इंजिने थंड ठेवली जातात. हेडचे गॅस्केट दुबळे झाले किंवा हेडला बारीक चीर पडली तर ते पाणी सिलिंडरमध्ये झिरपते. शिवाय कॉक पूर्ण उघडा ठेवून नदीचे गार पाणी भरमसाट सोडले तर इंजिन कधी तापतच नाही, आणि तिसऱ्या वाटेचे थेंब आत राहतात. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले ऊन लागले पाहिजे. गारही नको आणि वाफाळतेही नको. कॉक त्या मानाने फिरवावा.

पाचवी वाट: पूर. नदीकाठच्या इंजिनात पुराचे पाणी धुराड्यातून, हवेच्या गाळणीतून, तेलाच्या तोंडातून, सगळीकडून शिरते. त्याविषयी पुढे सांगतो.

४. पाणी वॉल्व्हची साखळी कशी खाते

इंजिन मोडले नाही म्हणजे सुटलो, असे नाही. थोडेथोडे शिरलेले पाणी मोडण्याऐवजी झिजवते.

प्रथम वॉल्व्हच्या दांड्यावर गंज चढतो. गंजाची पूड गाईडमध्ये कानसीसारखी घासते. दांडा ढिला होतो किंवा अडकतो. अडकलेला वॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने परत वर येत नाही. डिझेल इंजिनात पिस्टन आणि हेड यांच्यात फार थोडी जागा असते, तेव्हा वर येणारा पिस्टन त्या उघड्या वॉल्व्हवर आदळतो. दांडा वाकतो. उलट वॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत गंजून बसला असेल तर तो खाली जात नाही आणि खालून ढकलणारा पुशरॉड वाकतो.

दुसरे, पाणी रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरते. पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढुरके होते. अशा तेलाचा पापुद्रा टिकत नाही. कॅमचा उंचवटा आणि टॅपेटचा तळ यांचा वरचा थर कडक केलेला असतो. त्यावर गंजाचे खड्डे पडले की तो थर सुटू लागतो, आणि मग आतले मऊ लोखंड झपाट्याने झिजते. उंचवटा झिजला की वॉल्व्ह पुरता उघडत नाही, इंजिनाचा श्वास कोंडतो, धूर काळा होतो, डिझेल जास्त लागते आणि पाणी कमी पडते. घरधनी म्हणतो, "पंप दमला." प्रत्यक्षात दमलेला असतो तो कॅम.

ही लक्षणे ओळखून ठेवा:

(अ) तेलाच्या तोंडाच्या झाकणाखाली किंवा रॉकरच्या झाकणाखाली पांढुरका साय-सारखा थर.
(आ) डिझेल घातल्यासारखी तेलाची पातळी आपोआप वाढणे.
(इ) इंजिन चांगले तापल्यावरही पांढरी वाफ येत राहणे.
(ई) धुराड्याच्या सांध्यातून काळे-तांबूस थेंब गळणे.
(उ) वरच्या बाजूने 'टक-टक' असा कोरडा आवाज.
(ऊ) हँडल हलके लागणे, म्हणजे दाब न धरणे. अशा वेळी सावकाश फिरवताना धुराड्यातून 'फुस्स' ऐकू आले तर धुराचा वॉल्व्ह गळतो. हवेच्या गाळणीतून आले तर हवेचा.

५. बोटीच्या इंजिनापासून घ्यायचा धडा

आपल्यापैकी अनेकांचे नातलग गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या किंवा प्रवासी बोटींवर कामाला आहेत. धुराड्यातील पाण्याचा प्रश्न त्यांना आपल्याहून अधिक छळतो, आणि त्यांनी शोधलेले उपाय आपल्यालाही शिकवून जातात.

पुष्कळ बोटींत इंजिन हे बोटीच्या पोटात असते. तापलेली लाल धुराची नळी लाकडाजवळून नेली तर आग लागण्याचे भय. म्हणून इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी मुद्दामच धुराच्या नळीत सोडतात. नळी गार राहते, आवाज दबतो आणि धूर व पाणी मिळून बाहेर पडतात. युक्ती उत्तम आहे, पण धुराबरोबर पाणी बाहेर गेले पाहिजे. मागे फिरता कामा नये.

ते मागे कधी फिरते? पहिले म्हणजे इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर पुन्हा पुन्हा फिरवला तर. फिरणाऱ्या इंजिनाबरोबर पाण्याचा पंपही फिरतो आणि नळीत पाणी भरत राहतो. पण ते बाहेर फेकणारा धुराचा जोर मात्र नसतो. सायलेन्सर भरला की पाणी वॉल्व्हपर्यंत येते. म्हणून जाणते खलाशी दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागले नाही तर समुद्राचे पाणी आत घेणारा कॉक बंद करतात, आणि इंजिन पेटले रे पेटले की लगेच उघडतात. तो उघडायला विसरले तर पंपाचे रबरी चाक कोरडे फिरून फाटते.

दुसरे, इंजिन बसवलेली जागा समुद्राच्या पातळीपेक्षा खाली असेल तर थांबलेल्या इंजिनात पाणी आपोआप ओढले जाते. तेल काढताना नळीने जसे एका डब्यातून दुसऱ्यात उतरते तसे. त्यासाठी पाण्याची नळी पातळीच्या वर कमान करून नेतात आणि कमानीच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा वॉल्व्ह लावतात. हवा शिरली की पाण्याची धार तुटते.

तिसरे, खाऱ्या पाण्याने धुराच्या नळीचा बिडाचा एल्बो आतून सडतो. बाहेरून रंग चकचकीत, आतून भोक! त्यातून थेंब-थेंब खारे पाणी धुराच्या वॉल्व्हवर पडत राहते. म्हणून तो भाग ठरावीक काळाने सोडवून आतून पाहावा लागतो, नुसता बाहेरून पुसून भागत नाही.

यातून आपल्यासाठी तीन नियम निघतात. पाण्याला इंजिनापासून दूर जाणारा उतार असावा. नळीची सर्वांत उंच जागा इंजिनाजवळ असावी, सर्वांत खालची जागा तोंडाजवळ. आणि इंजिन लागत नसेल तर कारण शोधावे. आंधळेपणाने फिरवत राहू नये.

६. धुराडे कसे असावे

उभ्या धुराड्यावर बिजागरीचे झाकण लावावे. धुराच्या जोराने ते उघडते व इंजिन थांबताच आपोआप मिटते. बिजागरीत गंज धरू नये म्हणून अधूनमधून तेलाचा थेंब द्यावा. झाकण मिळाले नाही तर नळीच्या टोकाला वाकडा एल्बो लावून तोंड आडवे किंवा खाली वळवावे आणि ते वाऱ्या-पावसाच्या विरुद्ध दिशेला ठेवावे. इंजिन बंद असताना रिकामा पत्र्याचा डबा उपडा घातला तरी चालतो. मात्र गोणपाट किंवा चिंध्या कोंबू नयेत. त्या पाणी धरून ठेवतात. आणि काढायच्या विसरल्या तर पेट घेतात.

आडव्या नळीच्या सर्वांत खालच्या जागी एक बारीक भोक पाडून ठेवावे, म्हणजे थेंब निथळून जातील. हे भोक इंजिनघराच्या बाहेर असावे, कारण त्यातून थोडा धूरही येतो. लांब नळीला भिंतीचा किंवा खांबाचा आधार द्यावा. तिचे ओझे हेडवर पडले तर हादऱ्याने सांधा ढिला होतो. काहीजण आवाज कमी व्हावा म्हणून नळीचे टोक पाटाच्या पाण्यात बुडवतात. तसे करू नये. इंजिन थांबून नळी निवली की ती पाणी आत ओढते.

७. टॅपेट लावणे

वॉल्व्हचा दांडा आणि रॉकर यांच्यात केसभर फट ठेवलेली असते. का? तर वॉल्व्ह तापला की लांबतो. फट नसेल तर तापलेला वॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, जळता वायू कडेने निसटतो आणि वॉल्व्हची कड जळून जाते. फट जास्त असेल तर रॉकर प्रत्येक वेळी हातोडीसारखा आपटतो. टोके झिजतात आणि 'टक-टक' ऐकू येते. थोडा आवाज असलेले इंजिन वाचते, अगदी मुके इंजिन जळते, असे जुने मिस्त्री म्हणतात ते याच कारणाने. पण ठरलेले माप ठेवणे हेच उत्तम.

ते माप प्रत्येक इंजिनाचे वेगळे असते. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत किंवा त्यावरील पट्टीवर ते दिलेले असते. ते चुन्याने भिंतीवर लिहून ठेवावे. शेजाऱ्याचे माप आपल्या इंजिनाला लावू नये. लावण्याची रीत अशी:

(१) पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर इंजिन पूर्ण थंड असावे. डिझेल बंद करावे. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर खाली असावा.
(२) चाक हाताने सावकाश फिरवावे. हवेचा वॉल्व्ह उघडून मिटला की पुढे चाकावरची खूण जुळेपर्यंत न्यावे. आता पिस्टन वर आहे आणि दोन्ही वॉल्व्ह मिटलेले आहेत. ताळा असा की दोन्ही पुशरॉड बोटांनी गोल फिरतात.
(३) रॉकरवरचा लॉकनट ढिला करून फटीत ठरलेल्या जाडीची फीलर गेजची पात घालावी. पात किंचित अडत सरकली पाहिजे.
(४) स्क्रू पेचकसाने धरून लॉकनट आवळावा आणि पात पुन्हा घालून पाहावी. आवळताना माप हमखास थोडे हलते.
(५) हेडचे नट आवळले असतील तर त्यानंतर टॅपेट पुन्हा तपासावे.

पत्त्याचे पान, ब्लेड, पोस्टकार्ड असल्या अंदाजाने माप घेऊ नये. फीलर गेज महाग नसते. वाडीत पाच घरांनी मिळून एक घेतले तरी पुरे. पुशरॉड काढला असेल तर तो काचेवर लोळवून पाहावा. वाकलेला असेल तर डगमगतो. ठोकून सरळ करू नये, बदलावा.

जुन्या धिम्या इंजिनांत रॉकरला तेल आपोआप पोहोचत नाही. तेथे रोज सुरू करण्याआधी तेलाच्या कॅनने थेंब द्यावे. हवेच्या गाळणीत तेल असेल तर ते खुणेपर्यंत व स्वच्छ ठेवावे. मळणीच्या दिवसांत तर रोज पाहावे. धूळ गाईडला गंजाइतकीच खाते. इंजिनचे तेल पुस्तिकेत दिलेल्या तासांनी बदलावे. त्यासाठी खिळ्याला एक वही टांगून रोजचे तास लिहावेत. आठवणीवर विसंबून तेल वेळेवर कधीच बदलले जात नाही.

८. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर

मृगाच्या आधी एक दुपार इंजिनासाठी काढावी.

इंजिन वीस मिनिटे भाराखाली चालवून चांगले तापवावे. गरम असतानाच जुने तेल काढून नवे घालावे; जुने तेल चार महिने आत ठेवले तर त्यातला ओलावा व मळ बेअरिंगला खातो. नवे तेल पोहोचावे म्हणून आणखी पाच मिनिटे चालवावे. इंजिन निवल्यावर थंड पाण्याची जागा तळाच्या कॉकने पूर्ण रिकामी करावी. हवेच्या वाटेने चहाचा एक चमचा, जास्त नाही, स्वच्छ तेल सोडून चाक हाताने दोन-तीनदा फिरवावे. मग दोन्ही वॉल्व्ह मिटलेले राहतील असे चाक खुणेवर उभे करावे, लिव्हर खाली ठेवावा, धुराडे व हवेची वाट झाकावी. शेवटी हँडलला दोरीने पाटी बांधावी: "धुराडे झाकले आहे." दर पंधरा दिवसांनी झाकण पाहावे, डिझेल बंद ठेवून चाक हाताने फिरवावे आणि पुन्हा त्याच खुणेवर ठेवावे.

पावसाळ्यानंतर पहिल्या दिवशी हँडलला हात लावण्याआधी झाकणे काढावीत. आदल्या संध्याकाळी इंजिन न हलवता तेलाचा तळाचा बोल्ट थोडा ढिला करून पाहावे. पाणी तेलाहून जड असते. आत असेल तर प्रथम तेच येते. नंतर डिझेल बंद ठेवून, लिव्हर उचलून, चाक हाताने दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवावे. मग लिव्हर खाली करून तसेच पुन्हा. कोठेही कठीण अडले तर थांबावे. जोर करू नये. इंजेक्टर काढून चाक फिरवले की पाणी त्या भोकातून उडते. तोंड बाजूला ठेवावे. सर्व ठीक असेल तरच डिझेल सोडून हँडल मारावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे उलटा फटका बसला तरी हात सुटतो. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, गळ्यातला टॉवेल पट्ट्यापासून दूर असावा.

इंजिन पुरात बुडाले असेल तर "सुरू होते का बघू" हा मोह टाळावा. ते सुरू न करता पाणी काढावे, इंजेक्टर व हवेची गाळणी सोडवावी, चिखल स्वच्छ पाण्याने व नंतर डिझेलने धुवावा, सिलिंडरमध्ये व रॉकरवर तेल घालावे, टाकीतले डिझेल व खालचे तेल बदलावे. थोडा वेळ चालवून तेल पुन्हा बदलावे. पाणी ओसरल्यावर हे काम जितके लवकर होईल तितके बरे. मिस्त्री चार दिवसांनी येणार असेल तरी निदान तेल घालून ठेवावे.

९. धूर आणि माणूस

धुराड्याचा सांधा गळतो तेव्हा इंजिनाबरोबर माणसालाही धोका असतो. पंप पाणी वर ओढू शकतो ते व्यवहारात सहा-सात मीटरच. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेले की काही ठिकाणी इंजिनच विहिरीत उतरवतात. तेथे धूर साचतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, घेरी येते, मळमळते, पायांतले बळ जाते. मग माणूस ओरडण्याआधीच कोसळतो.

विहिरीत दिवा सोडून पाहण्याची चाल आपल्याकडे आहे. दिवा विझला तर उतरू नये, हे खरेच. पण दिवा जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असे मुळीच नाही. माणसाला मारण्यापुरता हा वायू असतानाही दिवा जळत राहतो.

म्हणून इंजिन विहिरीत चालवू नये. बुडता पंप किंवा वरून चालणारी दुसरी सोय करावी. इंजिनघरातही धुराड्याचे तोंड छपराबाहेर असावे, दारे-खिडक्या उघड्या असाव्यात आणि राखणीसाठी तेथे कोणी झोपू नये. विहिरीत कोणी कोसळला तर त्याच्या मागे धावत उतरू नका. आधी इंजिन बंद करा, लोक बोलवा, अग्निशामक दलाला कळवा. एकामागून एक उतरून एकाच घरातली माणसे दगावतात ती या घाईमुळेच. बाहेर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत ठेवून ताबडतोब दवाखान्यात न्यावे. त्याला प्राणवायू लागतो. तो "आता बरे वाटते" म्हणाला तरी न्यावे.

उजळणीसाठी

१. आपल्या धुराड्याला झाकण आहे काय? नळीचा उतार कोणत्या बाजूस आहे?
२. इंजिन बंद केल्यावर डिकॉम्प्रेशनचा लिव्हर कोठे असतो?
३. आपल्या इंजिनाच्या टॅपेटचे माप घरातल्या कितीजणांना ठाऊक आहे?
४. तेल शेवटचे कधी बदलले? ते कोठे लिहिले आहे?
५. धुराड्याचा कोणता सांधा गळतो?

वाडीतल्या तरुणांनी एखाद्या रविवारी मिस्सेनंतर जाणत्या मिस्त्रीला बोलावून कोणाच्याही एका इंजिनावर हे टॅपेटचे काम करून पाहावे. एकदा हाताने केले की वाचलेले ध्यानात राहते. आणि आज संध्याकाळी मळ्यात जाल तेव्हा निदान एक काम करा: धुराड्याचे तोंड उघडे असेल तर त्यावर डबा उपडा घाला.